श्वासाचा दाखला

१

लाटसाहेब मेला तो सोनेरी बटणांच्या जाकिटात. लाटसाहेब म्हणजे पग जातीचा कुत्रा: चपटं नाक, फुगलेले डोळे, कपाळावर आठ्याच आठ्या. या जातीला आधीच एकेक श्वास ओढून घ्यावा लागतो, आणि त्यात कुणीतरी हौसेने त्याच्या छातीवर चार बटणं आवळली होती. डॉक्टरांनी सर्वांत आधी ते जाकीट कात्रीने कापून काढलं आणि दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

डॉक्टर म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या बाई. बावीस वर्षांत त्यांनी पू, जंत, गळवं सगळं पाहिलं होतं आणि कशानेही त्यांच्या जेवणात खंड पडला नव्हता. पण चपट्या नाकांची ही कौतुकं पाहिली की त्यांना शिसारी यायची. गोंडस दिसावं म्हणून माणसांनी पिढ्यानपिढ्या कुत्र्याचं नाक आत दाबत नेलं. नाकपुड्यांच्या झाल्या नुसत्या चिरा, टाळूचा पडदा लांबून घशात लोंबायला लागला, चेहऱ्याच्या घड्यांत घाण साचायला लागली. आणि ते बिचारं गुदमरून घोरायला लागलं की मालक हौसेने त्याचा व्हिडिओ काढणार.

कुत्र्यांच्या या वसतिगृहात चपट्या नाकांसाठी वेगळी खोली होती, एसी लावलेली. गुलाबाच्या वासाचा फवारा इतका मारला होता की डोळे चुरचुरत होते, आणि तरी त्याच्या खालून घड्यांतला तो आंबूस वास येतच होता. खोलीत चौघं उभे होते. वसतिगृहाचे संचालक, इस्त्रीच्या सदऱ्यातले. लाटसाहेबाची मालकीण, जी घरी चौदा पग पाळून त्यांची पिल्लं विकायची. तिचा जावई, जो प्रत्येक वाक्याआधी सासूच्या तोंडाकडे बघायचा. आणि भिंतीला टेकून या खोलीची मावशी, जिने अकरा वर्षं इथल्या कुत्र्यांची तोंडं पुसली होती.

संचालकांच्या मते प्रकरण अगदी सरळ होतं. मावशीने अकरा वाजता एसी बंद केला, वीस मिनिटांनी चालू केला, आणि साडेअकराला कुत्रा मेलेला सापडला. आता बारा वाजले होते. डॉक्टरांनी फक्त "निष्काळजीपणामुळे उष्माघात" असं लिहून सही करायची होती. दोन वाजता दहनाची वेळ घेतलेली होती.

त्या एका ओळीने मावशीचं काय होणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. श्वान मंडळ तिचं ओळखपत्र काढून घेणार, आणि मग या शहरात कुठलंही वसतिगृह, कुठलाही दवाखाना तिला जनावराला हात लावू देणार नाही. पोलिसांत तक्रार जाणार ती वेगळीच. मावशी रडत नव्हती. ती एकटक त्या कुत्र्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. उष्म्याने मेलेलं जनावर तासभर तरी तापलेल्या तव्यासारखं लागतं. हे पोट फरशीइतकं गार होतं. त्यांनी जबडा उघडून पाहिला, तर तोही ताठ.

हा कुत्रा साडेअकराला मेला नव्हता. अकरालाही नाही. त्याला इथे नऊ वाजता आणून सोडलं, त्याच्याही आधी तो मेलेला होता.

२

डॉक्टर कुणालाच काही बोलल्या नाहीत. सही करण्याआधी दोन शब्द विचारायचे आहेत म्हणाल्या आणि एकेकाला संचालकांच्या केबिनमध्ये बोलावलं.

संचालक स्वतःच आधी आले. एसीतून तीन-चार वर्षं पाणी गळत होतं हे त्यांनी आढेवेढे घेत कबूल केलं. पिंजऱ्यांवर पाणी पडायला लागलं की मावशीने एसी थोडा वेळ बंद करून खिडक्या उघडायच्या आणि फरशी पुसायची, ही सूचनाही त्यांचीच होती. "पण तोंडी होती," ते घाईघाईने म्हणाले, आणि टेबलावरच्या बाटलीतलं जंतुनाशक हातांवर चोळू लागले. हात झटकायची ही पद्धत डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली.

मग मालकीणबाई. त्या डोळ्यांना रुमाल लावून आल्या, पण रुमाल कोरडाच होता, आणि मांडीवरच्या मोबाइलवर दुसरा हात सारखा चालत होता. लाटसाहेब त्यांचा पोटचा गोळा होता. त्याची एकतीस पिल्लं चांगल्या चांगल्या घरांत गेली होती. त्यांच्या घरी चौदा कुत्री असून दवाखान्याची पायरी चढायची वेळ कधी येत नाही, लसी काय नि इंजेक्शनं काय, सगळं त्या स्वतःच्या हाताने देतात. सकाळी मात्र जावईबापूंनीच लाटसाहेबाला इथे सोडलं. गाडी लागते म्हणून झोपेची गोळी दिलेली होती आणि बारापर्यंत क्रेटवरचं, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यावरचं, कापड काढू नका अशी चिठ्ठीही लावली होती.

उठताना त्या टेबलावर ओणवल्या आणि आवाज खाली आणला.

"उद्याची फेरतपासणी आता होणार नाही, डॉक्टर. तुमच्याही डोक्याचा ताप गेला म्हणा ना."

 फेरतपासणीचं पत्र त्यांच्याही बॅगेत होतं. लाटसाहेबाच्या तीन पिल्लांच्या मालकांनी मंडळाकडे तक्रार केली होती: पिल्लं चार पावलं चालली की निळी पडून कोसळतात. आणि याच लाटसाहेबाला "श्वास उत्तम, पैदाशीस योग्य" असा दाखला गेल्या वर्षी डॉक्टरांनीच दिला होता. उद्या मंडळ त्याचा गळा पुन्हा तपासणार होतं, आणि बाप खरंच हाच का हे बघायला पिल्लांच्या रक्ताशी त्याचं रक्तही जुळवून पाहणार होतं. कुत्रा जळून गेला की तपासणी संपली. दाखला चुकला होता का, हे कुणी कधी विचारणार नव्हतं. एक सही केली की डॉक्टरही सुटल्या आणि मालकीणबाईही. अडकली असती ती फक्त मावशी.

त्या खोलीत परत आल्या, बॅगेतून दाखल्याची प्रत काढली आणि कुत्र्याचं तोंड टॉर्चखाली धरलं. मंडळाच्या पद्धतीत कुत्र्याची ओळख म्हणजे डॉक्टरांनी केलेली तोंडाची नोंद, बाकी काही नाही. दाखल्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नाकपुड्या उघड्या, टाळूचा पडदा आखूड, जिभेवर डाव्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग.

डाग होता. नाकपुड्या मोकळ्या होत्या. पडदा आखूड होता, इतका की पगच्या तोंडात असा घसा क्वचितच बघायला मिळतो. तपासणीच्या दिवशी हा कुत्रा तीन मिनिटं दुडक्या चालीने पळला होता आणि नंतर गळ्याला स्टेथोस्कोप लावला तर साधी खरखरसुद्धा नव्हती. दाखला खरा होता, कुत्रा तोच होता, आणि तरी याची पिल्लं गुदमरत होती.

मग त्यांची नजर पुढच्या डाव्या पायावर गेली. नखाएवढ्या जागेवरचे केस कुणीतरी कापले होते, आणि मधोमध रक्ताचा सुकलेला ठिपका होता.

३

मावशीला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं नाही. खोलीतच पाण्याच्या बादलीशेजारच्या स्टुलावर बसवलं, आणि दार लावून घेतलं.

मावशीने स्वतःचा बचाव केलाच नाही. एसी तिनेच बंद केला होता. बाहेर गार वारा होता, खिडक्या उघड्या होत्या, पण हात तर तिचाच होता. आणि कुत्रा तोवर जिवंत होता हेही तीच ठासून सांगत होती. डॉक्टर कपाळाला हात लावून ऐकत राहिल्या. त्या जिला वाचवायला बघत होत्या, ती आपल्याच हाताने गळ्यात फास अडकवून घेत होती.

"मावशी, कापड तर तुम्ही काढलंच नाही. मग जिवंत होता हे कशावरून?"

"घोरत होता ना, बाई."

मावशीने आपली कामाची रीत सांगितली. सात पिंजरे असतात आणि तिचं तोंड फरशीकडे. प्रत्येकाला वळून बघत बसली तर काम कधी उरकायचं? म्हणून ती कानाने राखण करते. प्रत्येकाचं घोरणं वेगळं. एखाद्याचं बदललं की ती उठते, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी सारते आणि मान वर करून देते, म्हणजे वाट मोकळी होते. लाटसाहेब तीन वर्षांत नऊ वेळा इथे राहून गेला. त्याचं घोरणं तर ती झोपेतही ओळखेल.

"कसं ते करून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

मावशी लाजली, मग तिने डोळे मिटले. आधी नाकातून बारीक शिट्टी, मग घशात फाटकं कापड ओढल्यासारखी खरखर, मग काहीतरी गिळल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही. "इथे मी चार आकडे मोजते," ती डोळे न उघडता म्हणाली. "पाचाला तो परत श्वास घेतो. सहा झाले की मी उठते."

आज नऊपासून ती हेच ऐकत होती. साडेअकराच्या जरा आधी आवाज थांबला. तिने सहा मोजले, दहा मोजले, हातातलं फडकं टाकून कापड वर केलं, तर हा असा पडलेला.

 मावशी खोटं बोलत नव्हती. असलं घोरणं कुणाला मनाने रचता येत नाही. ते अर्ध्याहून जास्त बंद झालेल्या घशाचं घोरणं होतं. आणि टेबलावर पडलेला घसा मोकळा होता.

त्यांनी कुत्र्याची जीभ बाहेर काढली आणि मावशीला जवळ बोलावलं.

"हा डाग बघितलाय का कधी?"

मावशी वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिने कुत्र्याचा कान उलटा करून पाहिला, चेहऱ्याच्या घडीत बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "याला मी आज पहिल्यांदाच बघतेय. मघाशी घाबरून मी जाकीटच बघितलं; तेवढंच काय ते लाटसाहेबाचं आहे."

४

जावयाला डॉक्टरांनी अंगणात गाठलं. गडी सिगारेट ओढत होता. त्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली: सकाळी गाडीतून क्रेट किती उतरवले?

"एक," तो म्हणाला. मग त्याने सवयीने सासूकडे बघायला मान वळवली, पण सासू आत होती. "म्हणजे दोन. दुसरा व्हॅनसाठी होता."

वसतिगृहाची एक व्हॅन होती, गावोगावच्या ब्रीडरांकडे, म्हणजे पैदास करणाऱ्यांकडे, कुत्री पोचवणारी. दुसऱ्या क्रेटमध्ये एक तरणा पग होता, भलत्याच नावाचा, दूरच्या एका ब्रीडरकडे निघालेला. खरं तर जावयाने तो सरळ व्हॅनमध्ये चढवायचा होता. पण नऊ वाजता व्हॅनला कुलूप, ड्रायव्हरचा पत्ता नाही, आणि जावईबापूंना थांबून राहायचा कंटाळा. त्यांनी दोन्ही क्रेट मावशीच्या खोलीत शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर सारखीच कापडं, आणि मोकळे झाले. ड्रायव्हर सव्वाअकरानंतर, मावशी पाठ करून फरशी पुसत असताना, येऊन आपला क्रेट घेऊन गेला.

"साडेअकराच्या जरा आधी," डॉक्टर म्हणाल्या.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

व्हॅन निघायची वेळ एकची होती. घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती. इमारतीच्या मागून इंजिनाचा आवाज आला आणि डॉक्टरांनी चपलांची पर्वा न करता धूम ठोकली.

फाटक उघडलेलं होतं. डॉक्टर व्हॅनच्या पुढ्यात हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने काच खाली करून चार शब्द ऐकवले, ते त्यांनी ऐकून घेतले आणि मागचं दार उघडायला लावलं. आत एकावर एक अकरा क्रेट रचलेले होते. लघवीचा आणि रबराचा उबट भपकारा आला. कोण कुठला हे ओळखणं कठीण होतं. निम्म्या क्रेटांत चपटीच नाकं, सगळी फुगलेल्या डोळ्यांनी बाहेर बघणारी.

मावशी मागून धापा टाकत आली. तिने ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं, पायरीवर चढली आणि डोळे मिटून उभी राहिली. बोटांवर ती काहीतरी मोजत होती. मग तिने हात लांब करून खालच्या रांगेतला, कोपऱ्यातला क्रेट पुढे ओढला.

कापड काढलं तर आत एक पग पोटावर पसरला होता. जीभ जांभळट, नाकपुड्यांच्या जागी दोन चिरा, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. जिभेवर डाग नव्हता. मावशीने ओढणीची गुंडाळी करून त्याच्या हनुवटीखाली सारली. त्याने डोळे किलकिले केले आणि तिच्या हाताचा वास घेण्याचा प्रयत्न केला. तेही त्याला धड जमलं नाही.

५

सगळे पुन्हा त्या गुलाबी वासाच्या खोलीत जमले. डॉक्टर बसल्या नाहीत.

त्यांनी मालकीणबाईंना काही विचारलं नाही. सरळ सांगायला सुरुवात केली. लाटसाहेब दिसायला देखणा, मंडळाच्या भाषेत अगदी नमुनेदार, म्हणजे नाक सगळ्यात चपटं. पण त्याला श्वासाचा दाखला मिळणं शक्य नव्हतं. म्हणून तपासणीला दुसराच कुत्रा आला, दिसायला डिट्टो आणि घसा मोकळा. दाखला या मेलेल्याच्या गळ्यावर मिळाला आणि पिल्लं लाटसाहेबाची निघाली. वर्षभर छान चाललं. मग पिल्लं कोसळायला लागली आणि मंडळाने गळा आणि रक्त दोन्ही मागितलं. एका कुत्र्याचा गळा चालत नव्हता, दुसऱ्याचं रक्त. उद्या दोघांपैकी कुणालाच पुढे करता येत नव्हतं.

"म्हणून लाटसाहेबाला कागदावर मारायचं ठरलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण मेलेला कुत्रा मी तपासणार, आणि माझ्याकडे दाखला आहे. म्हणजे प्रेत दाखल्याशी जुळायला हवं. डागासकट, नाकपुड्यांसकट."

संचालकांना आत्ता कुठे उमगलं आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

ज्याला श्वास घेता येत होता त्यालाच मारलं, कारण कागदावर त्याचा श्वास होता. ज्याला येत नाही तो नवं नाव घेऊन दुसऱ्या गावी पिल्लं काढायला निघाला होता. मावशीचा एसी बंद करायचा रिवाज मालकीणबाईंना नऊ मुक्कामांत चांगलाच माहीत झाला होता; दोष कुणाच्या माथी मारायचा हे शोधावंही लागलं नव्हतं. चुकलं ते एवढंच की दोन क्रेट एका खोलीत आले. जावयाने ते शेजारी ठेवले तेव्हा एक घोरत होता आणि एक गप्प होता, पण त्याला ते जाणवलंच नाही. चौदा पगांच्या घरात राहणाऱ्याला ते घोरणं पंख्याच्या आवाजासारखं. ते ऐकू येणारी एकच बाई या इमारतीत होती, आणि नेमकी तीच आरोपी.

मालकीणबाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. हे सगळं कल्पनेचे खेळ आहेत, त्या म्हणाल्या, पुरावा काय? डॉक्टरांनी एप्रनच्या खिशातून दोन बंद नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत मेलेल्याचं रक्त होतं, दुसरीत जिवंताचं. पिल्लांचं रक्त मंडळाकडे होतंच. पायावरच्या सुईच्या खुणेचा फोटो पंधरा मिनिटांपूर्वी मंडळाला गेला होता.

"मी फक्त धरून ठेवलं होतं," जावई एकदम म्हणाला. "सुई यांनी दिली. तो शेपटी हलवत होता, त्याला वाटलं लस आहे."

 मालकीणबाईंनी जावयाकडे असं पाहिलं, जणू जेवणात केस निघाला आहे. मग खांदे उडवले.

"एवढं काय त्यात? त्याला श्वास घेता यायचा, एवढाच त्याचा उपयोग होता. थोबाड बघितलंत का त्याचं? नाक जवळजवळ अर्धा इंच पुढे."

 डॉक्टरांनी खिडकीची चौकट धरली आणि बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. बघताना हेही कळत होतं की ही घाण एकट्या मालकीणबाईंची नव्हती. गेल्या वर्षी दाखल्याच्या दिवशी चौदा कुत्री रांगेत होती, डॉक्टरांना घाई होती, आणि पुढ्यात आलेला कुत्रा कोण हे त्यांनी विचारलंही नव्हतं. गळा चांगला दिसला, सही ठोकली, पुढचा कुत्रा.

मंडळाची माणसं आली, त्यांच्यासोबत पोलीसही आले. मालकीण आणि जावई गेले. संचालक मावशीजवळ जाऊन, झालं गेलं विसरा, तुम्ही तर घरच्याच, असं काहीसं पुटपुटले. मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लाटसाहेबाला ती एसीच्या गारव्यात मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या नाकपुड्या मोठ्या करून टाळूचा पडदा कापायला हवा, परवाच शस्त्रक्रिया करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यांनी बॅगेतून दाखल्याची प्रत काढली, तिच्यावर आडवी रेघ मारली, "ओळख न पटवता दिला, चूक माझी" असं खाली लिहिलं आणि सही केली. या सहीने आपला परवाना जाईल की राहील, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मावशीवरचा डाग मात्र धुऊन निघाला, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

"बाई," मावशी मान वर न करता म्हणाली, "तिघांनी तक्रार केली. पिल्लं तर एकतीस आहेत ना?"

डॉक्टरांचं बरं वाटणं तिथेच संपलं. मंडळाच्या माणसाने मालकीणबाईंच्या पर्समधून काढलेली गिऱ्हाइकांची यादी टेबलावर पडली होती. तक्रार केलेली तीन घरं त्यांनी पेन्सिलीने खोडली. उरलेल्या अठ्ठावीसांतलं पहिलं नाव घेऊन फोन लावला.

एका तरुण बाईने उचलला. आवाज हसरा होता. डॉक्टरांनी आपण कोण हे सांगितलं, तर ती हरखलीच. तुमची सही बघूनच आम्ही हा घेतला, म्हणाली, दाखला फ्रेम करून लावलाय आम्ही हॉलमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, पिल्लू कसं आहे, दम लागतो का, चालताना थांबतं का.

"छे हो, दम कसला. जरा आळशीच आहे, जिन्यात बसकण मारतो. आत्ता झोपलाय माझ्या पायाशी. थांबा हं, डॉक्टर, फोन त्याच्याजवळ धरते. ऐका तर खरं, काय गोड घोरतो."